रेषेबाहेर पाऊण इंच

माणूस जनावरांपासून वेगळा झाला तो आगीमुळे नव्हे, चाकामुळे तर नव्हेच नव्हे. तो वेगळा झाला सुईमुळे. ज्या दिवशी कुणीतरी दोन कातडी एकमेकांना टाचली, त्या दिवशी संस्कृती सुरू झाली. हे सगळे मोजणीदारांनी सकाळच्या चहाला उभे राहून जाहीर केले, आणि मग सुई-दोरा बायकोपुढे धरून, जरा ओवून दे, म्हणाले. गेली वीस मिनिटे त्यांना ते जमत नव्हते.

मोजणीदार म्हणजे जमिनी मोजणारे. अडतीस वर्षे त्यांनी लोकांच्या शेतांच्या आणि परसांच्या हद्दी आखल्या होत्या. निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली तरी टेबलावर आपले ताट कुठे संपते आणि बायकोचे कुठे सुरू होते, हे त्यांना नजरेने कळे. शिवणाशी त्यांचा संबंध शर्टाच्या बटणापुरता. ते तुटायचे त्यांच्याकडून, लागायचे बायकोकडून.

सगळे सुरू झाले ताईच्या ट्रंकेमुळे. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, दहा वर्षांनी मोठी. जन्मभर एका कचेरीत टंकलेखन केलेली, एकटी राहिलेली, आणि मागच्या वर्षी गुडघ्यांनी जिने नाकारल्यावर एक ट्रंक आणि भरपूर मते घेऊन भावाकडे राहायला आलेली. मोजणीदार सहा फूट उंच होते. ताई त्यांना अजून 'टिल्ल्या' म्हणे, आणि ते ओ देत.

ट्रंकेची बिजागरी बसवताना तळाशी त्यांना लहान मुलाचा एक विटकरी कोट दिसला आणि त्यात गुंडाळलेले शिवणकामाचे जुने मासिक. मासिकातले एक पान दुमडलेले होते. त्यावर बायकांच्या कोटाचे चित्र: कंबरेपर्यंतचा, रुंद कॉलरचा, पाच बटणांचा. कडेला ताईच्या बारीक अक्षरात मापे, आणि खाली एकच शब्द, 'माझा'.

तो कोट ताईचा कधीच झाला नाही हे मोजणीदारांइतके कुणालाच ठाऊक नव्हते, कारण त्याचे कापड त्यांनीच अंगावर घातले होते. ताई अठराव्या वर्षी नोकरीला लागली तेव्हा पहिल्या दिवसासाठी आईने विटकरी रंगाचे लोकरीचे कापड आणले होते. त्याच आठवड्यात आठ वर्षांच्या टिल्ल्याने कुंपणावरून उडी मारताना आपला एकुलता एक शाळेचा कोट तारेवरच ठेवून दिला. थंडी कडाक्याची होती. कापड त्याच्या मापाने कापले गेले. ताई आईचा स्वेटर घालून कामावर गेली आणि पुढची एकसष्ट वर्षे त्या विषयावर अवाक्षर बोलली नाही. बाकी सगळ्या विषयांवर बोलली.

पुढच्या महिन्यात ताईला ऐंशी पूर्ण होत होती. तोवर मासिकातला तो कोट तिच्या अंगावर चढवायचाच, आणि तो स्वतः शिवून, असे मोजणीदारांनी ठरवले. गल्लीतल्या शिंप्याकडे दिला तर काय बिघडेल, असे बायकोने विचारून पाहिले. काही गोष्टी बाहेर शिवायला देता येत नाहीत, हे तिला समजावण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. तिचे मशीन तेवढे त्यांनी मागून घेतले.

मासिकात घडी घातलेला भलामोठा कागद होता. आठ कपड्यांचे आराखडे त्यावर एकावर एक छापलेले. कुणाची रेघ सलग, कुणाची तुटक, कुणाची नुसत्या टिंबांची. बायकोला वाटले, कागदावर कुणीतरी रिळे सांडली आहेत. मोजणीदारांचा मात्र ऊर भरून आला. हा तर नकाशा होता. बाळाच्या झबल्यातून शिरून, एका परकराला वळसा घालून गेलेली कोटाची तुटक रेघ त्यांनी अर्ध्या तासात सोडवून घेतली.

मासिकातली मापे अठरा वर्षांच्या मुलीची होती. आताची हवी होती. ताई वर्तमानपत्रावर डुलक्या घेत असताना त्यांनी टेप काढली आणि तिच्या खांद्यापाशी नेली. ताईने एकच डोळा उघडला.

"माप घ्यायची इतकी काय घाई झालीय, टिल्ल्या? अजून आहे मी."

खुर्ची मोजतोय, असे त्यांनी सांगितले. बरं, मोज, म्हणून ताईने डोळा मिटला आणि हात जरा वर करून ठेवला, खुर्ची नीट मोजता यावी म्हणून.

आराखडा त्यांनी प्रमाण धरून मोठा केला. दुकानातल्या ताग्याचा शेवटचा तुकडा, बाटलीसारखा हिरवा, लोकरीचा, टेबलावर पसरला. कागदाच्या कोपऱ्यात सूचना होती: 'शिलाईसाठी रेषेबाहेर पाऊण इंच सोडून कापावे.' मोजणीदारांनी ती दोनदा वाचली आणि ती सैल हाताच्या लोकांसाठी आहे असे ठरवले. रेष ती रेष, हे त्यांनी अडतीस वर्षे लोकांना बजावले होते. वीतभर सरकलेल्या कुंपणापायी सख्खे भाऊ बोलेनासे झालेले पाहिले होते. हे पाऊण इंच त्यांना सरळसरळ अतिक्रमण वाटले. त्यांनी रेषेवर कापले, असे तंतोतंत की कात्रीलाही अभिमान वाटावा.

आठ दिवसांनी कोट उभा राहिला. आकाराने ताईच्या निम्मी असलेली बायको तो घालून पाहायला पुढे झाली आणि कोपरांपाशीच अडकली.

"अहो," ती म्हणाली, "ताईंना यात दोन खेपांत जावं लागेल."

शेवटी शिंप्याकडे जावेच लागले. त्याने कोट उलटा केला, शिवणी चाचपल्या आणि शांतपणे विचारले, "साहेब, माया कुठं सोडलीय?" माया म्हणजे शिवणीच्या आत राहणारे जास्तीचे कापड, तेच ते पाऊण इंच. अंगाला सहा शिवणी, प्रत्येकीत दोन्ही बाजूंचे पाऊण-पाऊण इंच खाल्लेले. मोजणीदारांनी तिथेच हिशोब केला: नऊ इंच ताई कोटाबाहेर. शिवणी उसवून मधे पट्ट्या घालता येतील, शिंपी म्हणाला, पण लोकरीला लोकरच हवी, जाडी जुळणारी. हिरवे कापड तर दुकानात उरले नव्हते.

घरी येऊन मोजणीदारांनी ट्रंकेतून तो लहान कोट काढला. ताई शेजारच्या खुर्चीत जागी होती. तिने वर्तमानपत्र उलटले, वाचून झालेल्या बाजूला.

तीन दुपारी ते खिडकीशी बसून तो उसवत होते. बाहेरून कापड विटले होते, एक कोपर कसरीने खाल्ले होते. पण पोरगा वाढेल म्हणून आईने प्रत्येक शिवणीत दोन-दोन बोटे कापड आत दाबले होते, आणि तिथे रंग जसाच्या तसा होता, काल दुकानातून आणल्यासारखा. त्या दुपारी मोजणीदारांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग त्यांनी पट्ट्या कापल्या. रेषेबाहेर पाऊण इंच सोडून. आणि कुणी पाहत नाहीसे बघून, वर आणखी सूतभर.

अंगाच्या सहा पट्ट्या निघाल्या. बाह्यांना कापड पुरले नाही. एकेक अरुंद पट्टी लावून भागवले.

वाढदिवसाच्या सकाळी ताईने कोट घातला. पाचही बटणे लागली. हिरव्यावर उभे विटकरी पट्टे, जणू एखाद्या फुटबॉल संघाची कप्तान. ती कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली आणि तिचा हात एका पट्टीवरून वरून खाली फिरला, मग पुन्हा वर.

"हे कापड माझं आहे," ती म्हणाली.

"हो."

"उशीर केलास."

मोजणीदारांनी खाकरून घसा साफ केला. भाषण तयार होते. ते सुईपासून आणि संस्कृतीपासून सुरू होऊन आईपर्यंत यायचे होते, आणि तिथून पुढे कसे जायचे हे त्यांनी अजून ठरवले नव्हते. "ताई, इतकी वर्षं मी..."

"ते सांगशील सावकाश," ताई आरशातून नजर न काढता म्हणाली. "आधी जरा पाठ खाजव. डावीकडे, खांद्याच्या खाली. यात हात मागे जात नाही."