एकटीचं डोकं

मुलांनो, डोळे मिटा आणि एक भला मोठा फ्लेक्स डोळ्यांपुढे आणा. सगळ्यांत वर बीडच्या मोठ्या साहेबांचं डोकं, कलिंगडाएवढं. त्याखाली गावच्या सुंदररावांचं, नारळाएवढं. तळाला कार्यकर्त्यांची, लिंबाएवढी. फ्लेक्सवर डोक्याचं माप पदावरून ठरतं, अकलेचा तिथे संबंध नसतो.

धारूरच्या डोंगराकडच्या एका शाळेत नव्या खोलीचं उद्घाटन होतं. तो फ्लेक्स भिंतीवर जिथे लागणार होता, नेमकं तिथेच कुंभारणीचं घर. कुंभारीण म्हणजे एकटीच राहणारी गांधीलमाशी. तिने चिखलाचं इवलंसं गाडगं घडवलं होतं, आत अंडं घालून, पिल्लासाठी अळ्या भरून तोंड लिंपलं होतं. सहावीतल्या रुद्राणीने हे सगळं रोज पाहिलं होतं.

सुंदररावांचा कार्यकर्ता लखन फ्लेक्स भिंतीला टेकवून, हातोडी घेऊन स्टुलावर चढला.

"लखनकाका, तिथं खिळा ठोकू नका! खिडकीच्या गजाला बांधा की."

"कावून?"

"गाडग्यात तिचं पिल्लू हाय. फुटंल ते."

"माशीपायी साहेबांचा फ्लेक्स हलवू व्हय? तिला काय डोकं आसतंय?"

"आसतंय! पोळ्यातल्या गांधीलमाश्या घोळक्यानं राहत्यात, कामं वाटून घेत्यात. हिला चिखल, शिकार, घरची वाट, समदं एकटीलाच बघावं लागतं. शिकायचा आन् ध्यानात ठिवायचा मेंदूतला भाग एकट्या माश्यांचा मोठा निघाला, घोळक्यातल्यांचा लहान. संशोधकांनी मोजलंय. विजयमालाबाईंनी वर्गात वाचून दाखवलं आमाला."

तोवर मागे सुंदरराव येऊन उभे होते, सोबत सगळा गोतावळा. "म्हंजी घोळक्यात राहून डोकं लहान होतं म्हण की!"

कार्यकर्त्यांनी आधी सुंदररावसाहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. साहेब हसले. मग सगळे हसले. साहेब थांबले, तसे सगळे थांबले.

"पोरगी लई हुशार हाय. बंकट, हलवायचा का फ्लेक्स?"

"तुमी म्हणताल तसं, साहेब."

"राधाकिशन?"

"बंकट म्हणतो तसंच, साहेब."

रुद्राणीला हायसं वाटलं. आता साहेबच काय ते बोलणार! पण सुंदररावांची नजर वरच्या कलिंगडावर गेली आणि त्यांना घाम फुटला. "मोठ्या साहेबांचा फोटू हाय त्येच्यात. परस्पर हलवला तर गैरसमज व्हईल. इचारून घेतो."

त्यांनी फोन लावला. डोंगरात रेंज कुठली? ते फोन उंच धरून अंगणात गेले. रेंज शोधायला सगळा घोळकाही त्यांच्यामागे निघाला. लखनही स्टुलावरून उतरून पळाला, हातोडी तिथेच टाकून.

भिंतीपाशी रुद्राणी एकटी उरली. तिने ओढणी कमरेला खोचली, स्टूल खिडकीपाशी ओढलं, आणि फ्लेक्सची दोरी गजाला गाठ मारून बांधून टाकली.