चोवीस चित्रांची चाल

"विश्वास ठेवू नका. नाहीतरी तुम्ही ठेवणार नाहीच," असं म्हणत मावशींनी स्टाफरूममधलं एकमेव न डुगडुगणारं स्टूल बळकावलं. याच हाडांच्या वॉर्डात त्यांनी तीस वर्षं मोडक्या पायांच्या माणसांना कमरेला धरून चालवलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी ॲनिमेशनच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा सून म्हणाली होती, "काठी धरायच्या वयात माऊस धरताय." मावशींनी तो धरलाच. काल पहिली परीक्षा झाली. पास होणाऱ्यालाच पुढच्या वर्गात जागा होती.

"काय होतं परीक्षेला?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"बाहुली एक सेकंद चालवायची, म्हणजे चोवीस चित्रं. पाऊल उचललेलं एक चित्र काढायचं, टेकलेलं एक. बटण दाबलं की मधली चित्रं कॉम्प्युटर भरतो. पोरांनी दाबलं. सगळ्यांच्या बाहुल्या तेलावरून घसरल्यासारख्या सुळकन गेल्या. एकीचीही टाच टेकेना."

"आणि तुमची?"

"मी बटणाला हातच लावला नाही. चोवीसच्या चोवीस चित्रं हातानं काढली. सर म्हणाले, मावशी, बाहुली लंगडतेय. ती पुसा, बटण दाबा, पास करतो. म्हटलं, लंगडत नाही ती. प्लास्टर काढल्यावरचं पहिलं पाऊल आहे ते. तुमच्या कॉम्प्युटरनं कधी कुणाला पलंगावरून उठवलंय का?"

लिफ्टवाला खुदकन हसला आणि मावशींना चेव आला. बसमध्ये घोळवत आणलेला शेवट आता तोंडाशी आला होता.

"तेवढ्यात बाहुली थांबली. स्क्रीनची कड धरून टेबलावर उतरली. तुरुतुरु सरांपुढं गेली नि कमरेवर हात ठेवून म्हणाली, 'बाईंना पास करा, नाहीतर मी आत जायची नाही.' सरांना दरदरून घाम. उभं राहून पास केलं मला. वर पहिला नंबर."

मोठ्या सिस्टर कोपऱ्यात बँडेजच्या पट्ट्या गुंडाळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बाहुली उतरली असेल," त्या म्हणाल्या. "पण पास केलं, हे खोटं. तो सर माझा जावई आहे, मावशी. काल जेवताना सांगत होता, एका बाईंना तीनदा विनवलं, नुसतं बटण दाबा म्हणून. त्या चपला घालून निघून गेल्या."