चिझुरुबाईंच्या हातातल्या काड्या

मी एक बांबूची काडी बोलतेय, जपानात जेवताना घास उचलायला वापरतात ती. खरं तर आम्ही दोघी आहोत, कारण एका काडीनं काही उचलता येत नाही. पण माझी जोडीदारीण घुमी आहे, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे.

आमचा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. आम्हाला तासलं, घासलं, रोगण लावलं आणि कुसाकाबे नावाच्या आचाऱ्याच्या नव्या दुकानात एका डब्यात उभं केलं. यामागाता शहरात रामेन नूडल्सची दुकानं पैशाला पासरी, तरी याच्याकडे पहिल्या दिवसापासून रांग. माणसं भर उन्हात ताटकळतात आणि आत आली की भराभर भुरके मारून उठतात. एवढ्यासाठी एवढी तपश्चर्या! मला तर हसूच यायचं.

रोज नवे हात, उकळता रस्सा, मग साबणाचं पाणी. सुरुवातीला चटके बसायचे. पुढे काही वाटेनासं झालं. कोण जेवलं, काय बोललं, कशाचंच सोयरसुतक उरलं नाही.

मग एका दुपारी तीन बायका आल्या. शाळेपासूनच्या मैत्रिणी, साठीला टेकलेल्या. मित्सुए बडबडी, नोबुको भित्री, आणि दोघींच्या मधे चिझुरु. तिचा नवरा नुकताच गेला होता. तेव्हापासून ती नुसत्या चहावर होती, म्हणून दोघींनी तिला जवळजवळ ओढतच आणलं होतं.

"रांगेत उभं राहून माझ्या पायांचे तुकडे पडलेत. आता तू खाल्लं नाहीस तर बघ!" मित्सुए म्हणाली.

"खाते की," म्हणत चिझुरुनं आम्हाला उचललं.

असा हात मला ठाऊक नव्हता. तो गार नव्हता, थरथरत नव्हता. नुसता आमच्याभोवती होता. वाडगा समोर वाफाळत राहिला आणि ती नूडल्स ढवळत राहिली.

"बाई, फुगतील त्या," कुसाकाबे चुलीजवळून गुरगुरला.

मित्सुएला राहवेना. आपल्या वाडग्यातला मांसाचा मोठा काप तिनं काड्यांनी उचलला. "हा घे माझ्यातला." तिला तो चिझुरुच्या वाडग्यात ठेवायचा होता. पण चिझुरुनं आम्हाला पुढे केलं आणि तो हवेतच धरला.

"अगं, सोडा! आधी सोडा!" नोबुको किंचाळली.

काडीतून काडीत असं आमच्याकडे फक्त दहनानंतर अस्थी वेचताना घेतात. जेवताना पोरानं केलं तर आई हातावर चापट मारते. कुसाकाबेचा झारा थांबला. आजूबाजूचे भुरके थांबले.

मित्सुए पांढरीफटक पडली. "चुकलं गं माझं. सोड ना."

"तू सोडू नकोस," चिझुरु म्हणाली. "यांचं हाड मी असंच धरलं होतं. समोर नणंद होती. भातातला खडा काढावा तसं उचललं आणि कलशात ठेवलं. मला काहीच वाटलं नाही, मित्सुए. एवढा संसार केला, आणि काहीच नाही. मी कसली बायको?"

मित्सुए काप धरून तशीच बसली. मग हळूच म्हणाली, "आईच्या वेळी माझ्या डोक्यात सारखं एकच होतं. घरी गॅस बंद केला का?"

चिझुरुनं मान वर केली. "केला होतास?"

"कुठला! पातेल्याचा कोळसा झाला."

तेव्हा चिझुरुची बोटं आवळली. इतकी, की माझी घुमी जोडीदारीणसुद्धा कुरकुरली. मलाही दुखलं, आणि दुखलं म्हणून फार बरं वाटलं. मित्सुएनं आपल्या काड्या अलगद काढून घेतल्या. चिझुरुनं काप तोंडात घातला, चावला, गिळला. रडली मात्र नाही.

असल्या काड्या दुसऱ्या गिऱ्हाईकाला कशा द्यायच्या? कुसाकाबे आम्हाला टाकून द्यायला निघाला.

"टाकू नका हो. मी नेते," चिझुरु म्हणाली आणि तिनं आम्हाला रुमालात गुंडाळलं.

आता आम्ही तिच्या घरी असतो. ती एकटीच जेवते. थोडा भात, थोडं लोणचं. पण जेवते. हात मात्र पुन्हा तसाच, नुसता. मी त्याला नावं ठेवत नाही. माझंही तसंच झालं होतं.

चिझुरु, बाई, मला घाई नाही. पण जेवता जेवता कधी हुंदका आलाच, तर आम्हाला नीट खाली ठेवायच्या शिस्तीत तो गिळू नकोस. घट्ट धर आणि रड. मोडलो तर मोडू दे आम्हाला. बांबू पुष्कळ आहे.