घड्याने सांभाळलेली बैठक

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुम्ही जमिनीखाली आहात. वर गवत उगवते, वाळते, पुन्हा उगवते. आणि तुमच्या पोटात कोणीतरी विश्वासाने सोपवलेली ठेव आहे. जमले? मग माझी ओळख लवकर पटेल. मी एक जुना मातीचा घडा आहे. मला घडवले तेव्हा लोखंड कोणी पाहिलेही नव्हते.

मला घडवणारी बाई चाकाशिवाय, मातीच्या वळ्या एकावर एक चढवून भांडी करायची. तिने मला आईच्या घरी धान्यासाठी दिले. "माझ्या लेकीच्या घड्यातल्या दाण्याला कीड लागत नाही," असे तिची म्हातारी आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, आणि माझी छाती फुगे. घड्याला छाती कुठली, म्हणता? बरे, पोट फुगे!

पुढे म्हातारी वारली. चिता निवल्यावर लेकीने राखेतून अस्थी वेचल्या. माझ्यात तिने आधी पावलांची हाडे ठेवली, मग पायांची, मग पाठीची आणि सगळ्यात वर कवटीचे तुकडे. जणू म्हातारी माझ्यात बसलीच होती. "आई, नीट बस हं," लेक म्हणाली आणि तिने मला वस्तीबाहेर पुरले.

तेव्हापासून माझे एकच काम होते. ही बैठक मोडू द्यायची नाही. वस्ती उठली, मातीच्या भाराने मला तडे गेले. पण मी जागा सोडली नाही.

मग एके दिवशी माझ्या काठावरून ब्रश फिरला. तिथून नवा रस्ता जाणार होता, म्हणून आधी उत्खनन चालले होते. पलीकडे जुन्या घरांच्या खांबांच्या खुणा आणि एक चूल सापडली होती. उत्खननाच्या प्रमुखांना सगळे बाई म्हणत. त्यांचा मदतनीस कामाला वाघ, पण भारी घाईचा, म्हणून त्याचे नाव पडले होते वादळ. बाईंची मुलगी सुट्टीत आईबरोबर आली होती. तिला सगळे प्रश्नपत्रिका म्हणत.

"बाई, आतली माती उपसून टाकतो," वादळ म्हणाला. "हलका झाला की एकटा उचलीन."

माझा जीव टांगणीला लागला. माती उपसली की म्हातारीची सगळी सरमिसळ!

"खबरदार!" बाई म्हणाल्या. "अरे, त्या मातीनंच त्याला धरून ठेवलंय. ती काढलीस तर घडाही जाईल आणि आत काय कुठे होतं तेही जाईल."

"आत सोनं आहे का?" प्रश्नपत्रिकेने विचारले.

"असलं तर तुला गप्प बसायचं बक्षीस देऊ," वादळ हसला.

मला पट्ट्या गुंडाळल्या. खाली फळी सरकवली. ती उचलताच माझा मोठा तडा रुंदावला.

"थांब!" बाई ओरडल्या. वादळ फळी छातीशी धरून जागच्या जागी गुडघ्यावर बसला. त्याने फळी तसूभरही हलू दिली नाही. बाईंनी तड्यावर आणखी पट्ट्या आवळल्या, आणि मी माझ्या ठेवीसह वर आलो.

प्रयोगशाळेच्या टेबलावर बाईंनी माती थराथराने काढली. आधी कवटी निघाली, मग पाठीचा मणका. "कडा बघ कशा वाढल्यात," त्या मुलीला म्हणाल्या. "वाकून वाकून कामं केली असणार हिनं. कंबर फार दुखत असेल बिचारीची."

तळाशी पावलांची हाडे आली. बाईंचा ब्रश थांबला.

"हिला कोणीतरी बसवलंय गं! पावलं खाली, डोकं वर. आणि या घड्यानं तिला हलू दिलं नाही."

"शाबास रे पठ्ठ्या!" वादळ म्हणाला. माझ्याकडे बघून, बरे का!

मित्रांनो, मी आज ताठ मानेने सांगतो, की मी दिलेले काम पुरे केले. तुम्हाला कधी जुने, तडकलेले भांडे दिसले तर ते घाईने रिकामे करू नका. त्याने काय धरून ठेवले आहे, ते आधी पाहा.

बाईंची मुलगी बराच वेळ त्या मणक्याकडे बघत उभी होती. मग ती आईचा फोन घेऊन दाराशी गेली आणि तिने तिच्या आजीला फोन लावला. "आजी, तुझी कंबर आज कशी आहे गं?" आजीचे उत्तर चांगलेच लांबले. मुलगी तिथेच जमिनीवर मांडी घालून बसली आणि शेवटपर्यंत ऐकत राहिली.