उलट्या पावलांची मिनेयोबाई

मिनेयोबाई उलटी चालते, हे तुम्ही पर्यटन कचेरीत बसून कागदावर लिहिलंत. स्वतः पडेल, पाहुण्यांना पाडेल, गावाचं नाव घालवेल, हेही तुम्हीच लिहिलंत. लिहिणाऱ्याने आमच्या चढणीची एक तरी पायरी पायाखाली घातली होती का? उंटावर बसून शेळ्या हाकायला अक्कल लागत नाही, नुसता उंट लागतो. तो तुमच्याकडे आहे.

एकदा ती पडली, हे खरं. मागच्या शरदात इमादाबाईच्या दुकानासमोर ती पाठमोरी थेट टोफूच्या टबात जाऊन बसली. नुकसान टोफूचं झालं, बाकी कुणाचं नाही. इमादाबाईने शिव्या घालत तो फुटका टोफू आलं आणि सोयाचं पाणी घालून पाहुण्यांना खायला दिला, आणि पाहुणे हसून हसून रस्त्यात बसले. कुणीतरी फोटो काढला. तो फिरत फिरत तुमच्या टेबलावर आला आणि तुम्हाला हसू आलं नाही. तुमचा खरा आजार हा आहे.

फतवा निघाला. देवळं आणि विहार दाखवत फिरणाऱ्या वाटाड्याने इथून पुढे समोर तोंड करूनच चालायचं. मंगळवारच्या फेरीला कचेरीचा माणूस सोबत येईल. मिनेयोबाईचं एक जरी पाऊल उलटं पडलं, तर दंडावरचा पिवळा पट्टा जागच्या जागी काढून घेतला जाईल. पट्टा गेला की स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीतून पाहुणे मिळणार नाहीत. आणि पाहुणे नसतील तर मिनेयोबाईच्या आठवड्याला मंगळवार उरत नाही. नवरा गेलेला, मुलगी ओसाकाला. बाकीचे वार ती मंगळवारची वाट बघण्यात काढते.

ती उलटी का चालते, हे तरी विचारायचं होतं. उभी हयात ती सहलीच्या बसमधली गाइड होती. पांढरे हातमोजे, डोक्याला टोपी, ड्रायव्हरशेजारी उभं राहायचं, पाठ रस्त्याला आणि तोंड प्रवाशांना. जग तिने नेहमी मागे सरकतानाच पाहिलं. बस मागे घ्यायची वेळ आली की खाली उतरायचं, शिट्टी वाजवायची आणि ड्रायव्हरला ओरडून सांगायचं, ‘ओराय, ओराय!’ म्हणजे येऊ दे, येऊ दे मागं. पुढे सहलीची बसच बंद झाली, खोड राहिली. चढणीवर ती पाहुण्यांकडे तोंड करून मागे मागे जाते आणि अख्खी गल्ली तिला ओराय म्हणते. इमादाबाई टोफू कापता कापता म्हणते, केस कापणारा कैची हवेत धरून म्हणतो, वाळत घातलेल्या चादरीमागून कुणीतरी नुसता आवाज देतं. पायरी आली की ‘पायरी!’ म्हणून हाक येते. तिच्या पाठीला डोळे नाहीत. गल्ली आहे. उलट्या पावलांची म्हणून तिला भूत म्हणायचीही सोय नाही, कारण आमच्याकडच्या भुतांना पायच नसतात.

त्या मंगळवारी तुमचा माणूस वेळेच्या आधी हजर झाला. कुरानिशी त्याचं नाव. तिशीचा, शर्टाला कडक इस्त्री, बूट चढणीला अगदी नालायक.

“मिनेयोबाई, हे मी ठरवलेलं नाही हं,” तो वाकून म्हणाला.

“मग तुम्ही काय ठरवलंय?”

“मी? काही नाही.”

“तेवढं तरी ठरवा बाबा. बूट बदलायचे की नाही, एवढं तरी.”

पाहुण्यांमध्ये उत्तरेकडच्या बर्फातल्या गावाहून आलेल्या दोन म्हाताऱ्या होत्या, नणंद-भावजय. भावजय फुसाए कानाने ठार बहिरी, पण समोरच्याचे ओठ वाचण्यात पटाईत. नणंद किनुको तिचे कान म्हणून सोबत फिरायची. हे कान मोठे आळशी होते. दहा वाक्यांतलं एक सांगायचे, तेही चुकीचं.

स्टेशनसमोर मिनेयोबाईने नेहमीसारखं सगळ्यांकडे तोंड करून स्वागत केलं. “वर कोगेनजीचा विहार आहे, तिथे हात नुसते जोडायचे. पलीकडे हाचिमानचं देऊळ आहे, तिथे दोन टाळ्या वाजवायच्या. बुद्ध जागाच असतो, देवाला मात्र उठवावं लागतं.” फुसाए आजी सगळ्यांत आधी हसली.

मग मिनेयोबाई वळली आणि पाठ करून चालू लागली.

कैची थांबली. इमादाबाई हात पुसत दारात आली. “काय ग मिनेयो, रुसलीस का? तोंड फिरवून चाललीस ती.”

“आजपासून मी सरळमार्गी झालेय.”

“फार उशीर केलास. आणि हे मागे इस्त्रीवाले कोण?”

“माझा सरळपणा मोजायला आलेत.”

कुरानिशीने इमादाबाईलाही वाकून नमस्कार केला. इमादाबाईने टोफूचा टब दाराच्या आत ओढून घेतला.

मिनेयोबाई बोलत होती, पण शब्द तिच्या पुढे चालले होते आणि पाहुणे मागे. विहाराच्या अंगणातल्या कापराच्या झाडाची सगळी गोष्ट तिने झाडालाच सांगितली. वीज कशी पडली, अर्धं झाड कसं जळलं, उरलेल्या अर्ध्याला गावाने गवताच्या पेंढ्या गुंडाळून कसं जगवलं.

“काय म्हणाली?” फुसाए आजीने विचारलं.

किनुको तिच्या समोर येऊन ओठ मोठे करून म्हणाली, “झाड म्हातारं आहे.”

“ते मलाही दिसतंय. आणखी?”

“अर्धं जळलंय.”

“तुझ्यासारखं?”

मागची दोन-तीन माणसं फिसकन हसली. मिनेयोबाईने मान वळवली. फेरीत लोक हसले आणि आपल्याला कळलं नाही, असं तिच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. तिची मान अर्धी वळली, तशी कुरानिशीने अंगठा हलवून खूण केली. पुढे बघा. तिने पुढे बघितलं.

विहारामागे वाट फुटते. डावीकडे हाचिमानचं देऊळ, उजवीकडे गेनशू भंतेंचं परसदार. आता बसमध्ये पाठमोरं उभं राहणारी बाई ‘तुमच्या डावीकडे’ म्हणताना उजवा हात वर करते. तिचा उजवा तो प्रवाशांचा डावा. जन्मभराची ही सवय हाडात शिरलेली. मिनेयोबाई तोंडाने म्हणाली, “आता डावीकडे,” आणि झेंडी धरलेला उजवा हात वर गेला.

ज्यांनी ऐकलं ते डावीकडे गेले. ज्यांनी पाहिलं ते उजवीकडे. पाहणाऱ्यांत पुढे होती फुसाए आजी, कारण तिला पाहण्यावाचून इलाज नव्हता. तिच्यामागे किनुको, आणि त्यांच्यामागे, पायातल्या बुटांशी भांडत, झेंडीवर नजर ठेवून चाललेला कुरानिशी.

परसात गेनशू भंते बनियनवर मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावरचा दगड उचलत होते. दगड दोन्ही हातांत, डोक्याचा गोटा उन्हात चकाकतोय. फुसाए आजीला स्टेशनवरचं बोलणं आठवलं. ती त्यांच्यासमोर उभी राहिली, कमरेत दोनदा वाकली आणि तिने दोन खणखणीत टाळ्या वाजवल्या.

भंते खाली मान घालून दगड हळूच टेकवत म्हणाले, “आजी, मी जागा आहे. आणि टाळ्यांचा मान पलीकडच्या देवाचा. मला नुसते हात जोडले तरी चालतात.”

“काय म्हणतात हे?”

“देव नाहीत म्हणतात,” किनुको म्हणाली.

“मग लोणचं विकतात का?”

भंतेंनी विकलं नाही, कापून हातावर ठेवलं. मिनेयोबाई शोधत आली तेव्हा ही मंडळी पिंपाभोवती उकिडवी बसून कुरुमकुरुम खात होती. कुरानिशीच्या गालात मुळ्याचा तुकडा होता. तो घाईघाईने उठला, त्याला बोलता येईना.

“चूक माझी,” मिनेयोबाई म्हणाली. “चला, देव तिकडे आहे. इथे फक्त लोणचं आहे.”

“लोणच्याला नावं ठेवू नकोस,” भंते म्हणाले. “आणि आज अशी पाठमोरी का आलीस? म्हणजे... तोंडाने का आलीस?”

सगळे देवळाच्या दगडी कमानीपाशी परत आले. तिथे फुसाए आजीने मिनेयोबाईची बाही धरली.

“बाई, तुझी पाठ छान आहे,” ती म्हणाली. “ताठ आहे, या वयात. पण काही बोलत नाही ती. स्टेशनवर तू बोललीस ते मला सगळं कळलं. नंतर मी तुझ्या कोटाची शिवण बघत आले.”

किनुकोला वाईट वाटलं. “मी सांगत होते ना तुला.”

“तू गाळून सांगतेस. जन्मभर गाळलंस. आता माझं वय झालं, मला गाळ पण हवाय.”

मिनेयोबाई हसली. हसता हसताच तिने दंडावरच्या पट्ट्याची टाचणी काढली. पट्ट्याची नीट घडी घातली आणि दोन्ही हातांवर ठेवून कुरानिशीपुढे धरली, जशी देवापुढे वस्तू धरतात.

“घ्या. तुमच्यावर ठपका यायला नको.”

“मिनेयोबाई, अहो, फेरी संपत आलीय. आता देऊळ आणि उतारच तर राहिलाय. मी काही बघितलं नाही...”

“तुम्ही बघितलं नसेल. मला तर या आजींना दाखवायचंय.”

त्याने दोन्ही हातांनी पट्टा घेतला. दुसऱ्या कशा पद्धतीने घेता येतो, हे त्याला माहीत नव्हतं.

मिनेयोबाई वळली. समोर फुसाए आजीचा चेहरा आला आणि तिने पहिल्यापासून सुरुवात केली. कापराचं झाड, वीज, पेंढ्या, सगळं. देवळात सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवल्या. पुन्हा झाडाची गोष्ट ऐकल्याबद्दल कुणी कुरकुर केली नाही, कारण खरी गोष्ट आता पहिल्यांदा झाली होती. वीज पडली तिथे फुसाए आजीने तोंडावर हात ठेवला.

मग आला उतार. देवळापासून बंदरापर्यंत जाणारा तो दगडी जिना गल्लीबाहेरचा. एका बाजूला कॅमेलियाची झुडपं, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र. तिथे घर नाही, दुकान नाही. हाक मारणारं कुणी नाही. एरवी मिनेयोबाई इथे बोलणं थांबवून सरळ उतरायची. आज पुढची गोष्ट अर्ध्यावर होती आणि ऐकणारी डोळ्यांनी ऐकत होती. तिने टाच मागे सरकवली. टाच हवेत गेली, पायरी शोधू लागली.

बाहेरगावच्या पाहुण्यांना काय माहीत काय म्हणायचं ते.

“ओराय,” मागून कुणीतरी पुटपुटलं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. कुरानिशी पहिल्या पायरीवर उभा होता, घडी घातलेला पट्टा छातीशी धरून, कानापर्यंत लाल झालेला.

“ओराय,” तो जरा मोठ्याने म्हणाला. “ओराय... पायरी. ओराय... इथे दगड हलतोय, डावा पाय. म्हणजे तुमचा उजवा. म्हणजे... हा, तोच.”

किनुकोने उचललं, मग बाकीच्यांनी. बंदरातल्या मासेवाल्यांनी माना वर करून पाहिलं, तर एक बाई समुद्राकडे पाठ करून बोलत बोलत उतरतेय आणि तिच्या मागे, म्हणजे पुढे, सगळी वरात ओराय ओराय करतेय. फुसाए आजीला ओराय ऐकू येत नव्हतं, पण ओठ सगळ्यांचे एकसारखे हलताना बघून तीही म्हणू लागली, सगळ्यांत जोरात.

कुरानिशीने हे तुम्हाला सांगितलं नसणार. पट्टा मात्र जमा केला. नोकरी आहे, करणार काय.

खिडकीतून पाहुणे येणं बंद झालं. मिनेयोबाई मंगळवारी तरीही स्टेशनसमोर उभी राहते. कधी इमादाबाई आपली चार गिऱ्हाइकं तिच्या गळ्यात मारते, कधी भंते कुणाला पाठवतात, कधी कुणीच येत नाही. कुणी नसलं की ती एकटीच चढण चढते, समोर तोंड करून, कारण ऐकणारं कुणी नसताना उलटं चालायला ती वेडी नाही. गल्ली मात्र तेव्हाही ओराय म्हणते.

कोट तोच आहे. वर्षानुवर्षं उन्हात फिरून तो निळ्याचा राखाडी झालाय. फक्त दंडावर, जिथे पट्टा असायचा, तिथे ऊन कधी लागलंच नाही. तिथे गडद निळा पट्टा उमटलाय, लांबून दिसणारा, टाचणीच्या दोन भोकांसकट. फतव्यात लिहिलं होतं की पट्टा कचेरीत जमा करावा. पिवळा जमा झाला. हा निळा कोणत्या खिडकीत जमा करायचा, ते कळवा. आम्ही उत्तराची वाट बघतोय.