दोन कुलपांतली हार्ड डिस्क

रविवारी दुपारी अडीच वाजता रमेश टिपणीस आणि वसुंधरा पेडणेकर चौथ्यांदा एकाच कपाटापुढे उभे राहिले आणि चौथ्यांदाही त्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. दोघांनी पाहिलं ते एकमेकांच्या हातांकडे. टिपणिसांनी वरचं कुलूप उघडलं, पेडणेकर बाईंनी खालचं. आत गणपतीच्या मखराच्या झालरी आणि पाणीपट्टीच्या पावत्यांच्या मध्ये, पानाच्या डब्याएवढी काळी हार्ड डिस्क पडली होती. तिचा दिवा विझलेला होता.

“तुमच्या नव्या सिस्टीमनं परत सोडली तिला,” बाई कपाटाला म्हणाल्या.

“आधीच्या सचिवांनी ज्या दर्जाची वस्तू आणली, ती त्याच दर्जाची चालणार,” टिपणिसांनीही कपाटालाच उत्तर दिलं. आधीच्या सचिव बाईच होत्या. आता त्या खजिनदार होत्या आणि सचिव होते टिपणीस.

विरार पूर्वेला, चंदनसारच्या ‘निशिगंध’ सोसायटीत बत्तीस फ्लॅट होते आणि दोन गट. सोसायटीचे सगळे कागद या डिस्कवर होते. मूळ कागदांची फाईल २००५च्या पुरात तळमजल्यावरच्या ऑफिसात भिजून तिचा लगदा झाला होता. सुदैवानं बाईंनी त्याआधी अख्खी फाईल स्कॅन करून घेतली होती. मात्र डिस्क बाईंच्या ताब्यात राहिली तर त्या आपल्याला नको ते पान पुसतील, असं टिपणीस गटाला वाटे. टिपणिसांच्या ताब्यात गेली तर ते पान बदलतील, अशी बाईंच्या गटाची खात्री होती. म्हणून सर्वसाधारण सभेनं ठराव क्रमांक चौदा केला. डिस्क कपाटातच राहील. कपाटाला दोन कुलपं, दोन गटांकडे दोन किल्ल्या. कपाटाच्या पाठीला भोक पाडून दहा फूट केबल बाहेर काढली जाईल आणि ती टेबलावरच्या संगणकाला जोडली जाईल. डिस्कला हात लावला की कपाट बंद करायचं, दोन्ही कुलपं लावायची, नोंदवहीत वेळ, कारण आणि दोघांच्या सह्या घ्यायच्या, आणि मगच संगणकाला हात लावायचा. हा ठराव एकमतानं मंजूर झाला होता. निशिगंधच्या इतिहासात एकमतानं झालेला तो एकमेव ठराव.

या पद्धतीनं अडीच वर्षं काम बिनबोभाट चाललं. गेल्या महिन्यात, म्हणजे २००८च्या फेब्रुवारीत, टिपणिसांनी संगणकावर नवी सिस्टीम चढवून घेतली आणि डिस्क तुटायला लागली. जोडली की दिवा लागे, संगणकावर तिचं नाव दिसे. सह्या होऊन खुर्चीवर बसलं, फाईलवर दोनदा टिचकी मारली की आतून ‘टक’ असा आवाज येई आणि डिस्क गायब. मग पुन्हा वायर काढून घातल्याशिवाय ती परत येत नसे. वायर काढायची तर कपाट उघडायला हवं. कपाट उघडायचं तर तिसऱ्या मजल्यावरून बाईंना बोलावायला हवं. बाई दर वेळी आधी चहा पुरा करत.

एरवी टिपणिसांनी हा प्रश्न पुढच्या वर्षीच्या सभेपर्यंत मजेत लांबवला असता. पण सोमवारी सकाळी अकराला वसई कोर्टात तारीख होती. इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेत बिल्डरला दुकानांची रांग काढायची होती. ही जागा सोसायटीचीच राहील, असं त्यानं २००१ साली सही करून लिहून दिलं होतं. तो कागद लगद्यात गेला होता. त्याची एकुलती एक प्रत डिस्कवरच्या चारशे पानी फाईलमध्ये कुठंतरी होती. मूळ कागद नसला तर नसू दे, निदान प्रत आणा, मग त्यानं सही नाकारून दाखवू दे, असं वकील म्हणाले होते. साडेपाचपर्यंत त्यांना सीडी घरपोच हवी होती. आणि पाचला वीज जाणार होती. भारनियमनाचं वेळापत्रक ही त्या दिवसांत विरारमध्ये वेळेवर होणारी एकच गोष्ट होती.

मोकळी जागा सगळ्या सोसायटीची, हे खरं. पण त्या जागेकडे उघडणारी तळमजल्यावरची एकमेव खिडकी टिपणिसांची होती. दुकानं झाली की त्यांच्या हॉलमध्ये दिवसा दिवा लावायला लागणार होता. दिवसा दिवा लावणं टिपणिसांना पापासारखं वाटे. जिन्यातला दिवा कोणी चालू ठेवला तर ते फलकावर त्याचा फ्लॅट नंबर लिहीत.

पाचव्यांदा डिस्क गेली तेव्हा बाईंनी सातिवलीहून ऑस्टिन लोपीसला बोलावून घेतलं. ऑस्टिन चाळिशीचा, शांत माणूस. सातिवलीतल्या एका गाळ्यात तो संगणक दुरुस्त करायचा. तो आला आणि बाईंना “टीचर” म्हणाला. त्याची मुलगी बाईंच्या वर्गात होती. टिपणिसांनी त्याला त्याच क्षणी विरोधी गटात जमा केलं.

“काय होतं नेमकं?” ऑस्टिननं विचारलं.

“तुटते,” टिपणीस म्हणाले.

“तोडतात,” बाई म्हणाल्या.

“मी ऑफिसला जातो रोज. पहाटे जातो, रात्री येतो. तोडायला वेळ कुणाला आहे ते इथं सगळ्यांना माहीत आहे.”

“ऑफिसला जाणाऱ्यांना सिस्टीम बदलायला बरा वेळ मिळाला.”

ऑस्टिननं दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं. “एकदा माझ्यासमोर करा,” तो म्हणाला. “रोज करता तसंच.”

मग त्यांनी रोजच्यासारखं केलं. कुलपं उघडली. बाईंनी वायर काढून घातली, टिपणिसांनी वाकून त्यांची बोटं तपासली. दिवा लागला. कपाट बंद झालं. वरचं कुलूप, खालचं कुलूप. दोघांनी एकमेकांचं कुलूप ओढून पाहिलं. नोंदवही उघडली. बाईंनी वेळ लिहिली, टिपणिसांनी आपल्या घड्याळात पाहून ती दोन मिनिटांनी दुरुस्त केली, बाईंनी दुरुस्तीवर सही मागितली. मग कारण, मग सह्या. टिपणीस खुर्चीवर बसले, चष्मा पुसला, फाईलवर टिचकी मारली. टक.

ऑस्टिन आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होता. “साडेचार मिनिटं,” तो म्हणाला. “तुमच्या सह्या होईपर्यंत ती झोपते.”

“कोण झोपते?”

“डिस्क. कोणी काम सांगितलं नाही की नवी सिस्टीम तिला झोपवते, वीज वाचवायला. फाईल उघडली की तिला उठायचं असतं. उठताना तिला एकदम जास्त करंट लागतो, तो या दहा फुटी वायरीतून पोचत नाही. मग ती पडते. जुनी सिस्टीम तिला झोपूच देत नव्हती, म्हणून अडीच वर्षं निभावलं.” त्यानं माऊस हातात घेतला आणि दोन-तीन खिडक्या उघडल्या. एका रकान्यात बरोबरची खूण होती: जास्तीत जास्त बचत. “ही आपोआप येत नाही. सिस्टीम चढवताना कोणीतरी निवडलीय.”

टिपणिसांनी चष्मा काढून पुन्हा पुसला.

निवडली टिपणिसांनीच होती. सिस्टीम चढवणारा माणूस प्रश्न विचारत होता आणि सोसायटीच्या वतीनं उत्तर देण्याचा अधिकार सचिवांचा, म्हणून टिपणिसांनी माऊस स्वतःकडे घेतला होता. बाकीचे प्रश्न त्यांना कळले नव्हते. हा कळला होता. या इमारतीत आपल्या विचाराचं कोणीतरी आलं, असं त्यांना त्या दिवशी वाटलं होतं.

“पासवर्ड सचिवांकडेच आहे ना?” बाईंनी पहिल्यांदा माणसाकडे बघून विचारलं. त्यांचा चेहरा, परीक्षेत एखाद्याची कॉपी पकडल्यावर होतो तसा, सौम्य झाला होता.

“वायरीचं काय म्हणाला हा, ते ऐकलंत ना?” टिपणीस म्हणाले. “दहा फुटी वायर कुणाच्या आग्रहानं आली? कपाट कुणाला हवं होतं?”

“दोन्हींपैकी एक केलं तरी चालेल,” ऑस्टिन म्हणाला. “साहेबांनी पासवर्ड टाकून ही खूण काढायची. नाहीतर टीचर, तुम्ही डिस्क बाहेर काढू द्यायची, छोट्या वायरीनं टेबलावर लावतो. पाच मिनिटांचं काम.”

“ठरावाप्रमाणे डिस्क बाहेर निघत नाही,” बाई म्हणाल्या.

“आणि सचिवांच्या सेटिंगला हात लावायचा तर कमिटीची बैठक लागते,” टिपणीस म्हणाले. असा नियम नव्हता. तो त्यांनी त्या वाक्यातच केला.

“मग कपाट उघडं ठेवून, सह्यांच्या आधी कॉपी मारू?”

“नाही,” दोघं एकदम म्हणाले, आणि एकमत झालं म्हणून दोघांनाही वाईट वाटलं.

ऑस्टिननं बॅग आवरायला घेतली. “सव्वाचार झालेत. मला पाचूबंदरला बाप्तिस्म्याला जायचंय. साडेचारपर्यंत बसतो. तुम्ही ठरवा.”

बाईंनी पर्समधून वर्गातल्या वह्या काढल्या आणि तपासायला घेतल्या. त्यांना कसलीच घाई नव्हती. तिसऱ्या मजल्यावर दुकानांची सावली पोचत नव्हती.

टिपणीस पाणी प्यायला म्हणून घरी गेले. त्यांची बायको यमुना खिडकीत उन्हाला घातलेले वाल उलटसुलट करत होती. ऊन गजांतून आत येऊन निम्म्या हॉलभर पसरलं होतं. बाहेर बिल्डरच्या माणसांनी सकाळी दुकानांच्या आखणीसाठी चुन्याची फक्की मारून ठेवली होती. टिपणीस खिडकीशी गेले आणि पांढऱ्या रेषेपर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं. चार फूट. पुन्हा मोजलं, तरी चारच.

“झालं का तुमचं?” यमुनाबाईंनी विचारलं.

“होतंय.”

“त्या बाईंना एक शब्द गोड बोलला असतात तर कधीच झालं असतं.”

टिपणीस पाणी न पिताच परत गेले. चार वाजून सत्तावीस मिनिटांनी त्यांनी कोणाकडेही न बघता, डाव्या हातानं कीबोर्ड झाकत पासवर्ड टाकला. ऑस्टिननं खूण काढली. आता फक्त वायर काढून घालायची, कुलपं लावायची आणि सह्या करायच्या.

बाईंनी आपलं कुलूप हातातच ठेवलं. “नोंदवहीत आज सहा वेळा ‘कारण अज्ञात’ लिहिलंय. आता अज्ञात राहिलेलं नाही. रकाना भरा, मग मी कुलूप लावते.”

“काम झाल्यावर भरू.”

“काम झाल्यावर कोण काय भरतं ते मी अठरा वर्षं शाळेत बघतेय.”

ऑस्टिननं बॅग खांद्याला लावली. टिपणिसांनी पेन घेतलं आणि लिहिलं: ‘संगणकाच्या वीज बचतविषयक धोरणामुळे.’

बाईंनी वाचलं. “धोरण कोणी ठरवलं?”

त्यांनी ‘सोसायटीच्या’ असं लिहायला घेतलं.

“सोसायटीनं नाही. मी सोसायटीत आहे.”

त्यांनी ते खोडलं. वर लिहिलं: ‘सचिवांनी निवडलेल्या.’ अक्षर बारीक आलं. बाईंनी चष्मा वर करून खात्री करून घेतली.

“आणि केबल?” टिपणिसांचा आवाज चिरकला. “केबलचंही लिहायला हवं. अर्धी चूक केबलची आहे. हा सांगेल.”

“केबल कारणाच्या रकान्यात येत नाही,” बाई म्हणाल्या. “ती ठरावात आहे.” आणि त्यांनी कुलूप लावलं.

फाईल उघडली. कॉपी व्हायला अकरा मिनिटं लागली. हिरवी पट्टी सरकत होती आणि तिघं तिच्याकडे बघत उभे होते. दोनशे बाराव्या पानावर बिल्डरची सही होती, खाली शिक्का होता, तारीख होती. पाचला पाच कमी असताना सीडी बाहेर आली, ती ऑस्टिननं टेबलाच्या बरोबर मध्यावर ठेवली आणि तो बाप्तिस्म्याला निघून गेला. सीडी वकिलांकडे दोघं दोन रिक्षांनी घेऊन गेले. म्हणजे सीडी एका रिक्षात होती आणि दुसरी तिच्या मागे होती.

सोमवारी बिल्डरच्या वकिलानं सही बराच वेळ पाहिली आणि तारीख मागून घेतली. तीन तारखांनंतर मनाईहुकूम मिळाला. मोकळी जागा सोसायटीची आहे, असं टिपणिसांनी सचिव या नात्यानं शपथेवर सांगितलं, दोनदा, मोठ्यानं.

मे महिन्यात वार्षिक सभा झाली. विषयपत्रिकेवर सहावा विषय होता: मोकळ्या जागेचा वापर. इमारतीत स्कूटरी आणि मोटारसायकली वाढल्या होत्या. भिंतीलगत पत्र्याची शेड घालावी, असं सुचवण्यात आलं. भिंतीलगत म्हणजे टिपणिसांच्या खिडकीलगत.

“तिथं नको,” टिपणीस म्हणाले. “माझा उजेड जाईल.”

“जागा सचिवांची आहे की सोसायटीची?” पेडणेकर बाईंनी विचारलं. “कोर्टात काय सांगितलंय ते नोंदीत आहे. वाचू का? नोंदवही आणलीय. आधीची पानंही आहेत त्यात.”

टिपणिसांनी नोंदवहीकडे पाहिलं. ती बाईंच्या मांडीवर होती, मध्ये एक बोट घालून ठेवलेली.

“वाचायची गरज नाही,” ते म्हणाले.

ठराव चोवीस विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाला. मतं मोजण्याचं काम सचिवांचं असतं, त्यामुळे टिपणिसांनी ती स्वतः मोजली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पत्रे चढले. त्या शनिवारी टिपणीस अर्धा दिवस करून भर दुपारी कामावरून घरी आले तेव्हा यमुनाबाई हॉलमधला दिवा लावून वाटाणे सोलत बसल्या होत्या. शेडमध्ये कोणीतरी मोटारसायकल सुरू करून तशीच ठेवली होती आणि धूर गजांतून आत येत होता. टिपणिसांनी दिव्याकडे पाहिलं, बटणापर्यंत हात नेला आणि परत खाली आणला.

“दुकानं झाली असती,” यमुनाबाई म्हणाल्या, “तर निदान वाटाणे तरी दारात मिळाले असते.”