खडकामागचा तळ

"खाली उतरू नकोस, म्हातारे! पाय घसरेल!" लिसांद्रो कड्यावरून ओरडला.

ऑर्तेन्सियाने वळूनही पाहिलं नाही. शाल कमरेला खोचून ती उतरत राहिली.

भूकंपाला आठवडा झाला होता. त्या पहाटे आमचा सगळा किनारा माणूसभर वर उचलला गेला. लाटा येऊन गेल्या, पण समुद्र पुन्हा जुन्या जागी आलाच नाही. खडकांना घट्ट धरून पाण्यात डोलणारं कोचायुयो, आमचं चामड्याच्या पट्ट्यांसारखं जाड शेवाळ, उन्हात पांढरं पडून कुजत होतं. त्याच्या आडोशाला राहणारे खेकडे, शिंपले, बोटभर मासे जागच्या जागी मेले होते. ते शेवाळ कापून, वाळवून, जुड्या बांधून विकायचं, यावरच आमच्या चुली पेटायच्या.

ऑर्तेन्सिया मात्र शेवाळ बघायला उतरली नव्हती. बाहेरच्या मोठ्या खडकामागे एक घळ होती. बऱ्याच वर्षांपूर्वी तिचा नवरा लिसांद्रो आणि मुलगा वाल्दो तिथं शेवाळ कापत असताना लाटेने वाल्दोला त्या घळीत ओढलं. पुढे समुद्राने त्याचं प्रेत दक्षिणेच्या वाळूवर आणून ठेवलं. "तिथं तळच नाही," एवढंच लिसांद्रोने तिला तेव्हा सांगितलं होतं. तिनेही पुन्हा कधी विचारलं नाही.

आता घळ कोरडी पडली होती. ऑर्तेन्सिया तिच्या तळाशी उभी राहिली. खडकावर जुन्या पाण्याची रेघ होती. तिने हात वर केला. बोटं रेघेला टेकली.

"एवढंच खोल?" ती म्हणाली.

लाटांचा आवाज दूर गेल्यामुळे कड्यावर जमलेल्या आम्हा गावकऱ्यांना शब्दन् शब्द ऐकू येत होता. लिसांद्रो बसत, घसरत खाली गेला.

"तळ नाही म्हणाला होतास."

"शेवाळ फार होतं गं. हात घातला की पट्टेच हाती यायचे. एकदा वाटलं, मनगट सापडलं त्याचं. जीव खाऊन ओढलं, तर शेवाळच." तो थांबला. "मग मला भीती वाटली. मी वर आलो."

"आणि परत?"

"परत नाही गेलो."

तिने रेघेवरचा हात खाली घेतला.

"तळ नाही म्हटलं की मला झोप लागायची," तो म्हणाला.

"मला नाही लागली रे कधी," ऑर्तेन्सिया म्हणाली. "त्याला पुरलं तरी मला वाटायचं, पोर अजून खालीच चाललंय."

लिसांद्रोने खडकाला हात टेकून तोल सावरला. तिने ते पाहिलं. शाल सोडून तिने खडकावर अंथरली, एका कडेला सरकून बसली आणि उरलेल्या जागेवर हात आपटला.

"बस. पडशील."

तो बसला. आमच्यातलं कुणीतरी वरून म्हणालं, "भरतीची वेळ झाली, बोलवा त्यांना." पण पाणी कुठंच नव्हतं.

ऑर्तेन्सियाने खडकाला चिकटलेल्या एका मेलेल्या शेवाळाच्या बुडख्यावर तळवा ठेवला. बुडखा अजून खडकापासून सुटत नव्हता. सावल्या लांबल्या तरी दोघं तिथंच होती. आम्ही एकेक करून घरी गेलो. कुणीच हाक मारली नाही.